आधी कळू दे, की आधी पाळू?

अगं, एवढी कासावीस का होतेस? ‘शत्रूवर प्रीती करा’ हे ऐकून ज्याच्या पोटात गोळा येत नाही, त्यानं ते नीट ऐकलेलंच नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. तुझं तर दुखणं ताजं. ऐन रोवणीत जावेनं धुरा फोडून पाणी वळवलं, वर चारचौघांत तुलाच बोलली, आणि रविवारी प्रवचनात काय, तर क्षमा करा. पाळावं तर पटत नाही, न पाळावं तर पाप केल्यासारखं वाटतं.

खरं सांगू का, तू दोन वेगळी ओझी एकाच गाठोड्यात बांधलीस. देव एक, आणि तरी पिता, पुत्र, पवित्र आत्मा, हे कसं ते डोक्यात शिरत नाही ना? नसू दे. त्यावाचून उद्याचा स्वयंपाक अडत नाही. पण काही गोष्टी शब्दन्‌शब्द कळतात, फक्त जिवावर येतात. जावेशी जाऊन बोलणं त्यातलं. तिथं ‘मला अजून नीट समजलं नाही’ ही सबब चालायची नाही, बघ. मी ती इतकी वापरलीय की दुसऱ्याच्या तोंडून लगेच ओळखू येते!

न कळण्याची लाज वाटत असेल तर पंडिता रमाबाई आठव. २९ सप्टेंबर १८८३ला इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिननी सांगावं आणि रमाबाईंनी मान डोलवावी, अशी अपेक्षा. बाईंनी त्रैक्यावरून, ख्रिस्ताच्या देवत्वावरून पत्रांमागून पत्रं लिहून वाद घातला. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीपुढे मान वाकवायची त्यांची तयारी नव्हती. १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, तेव्हाही मनातलं सगळं मिटलेलं नव्हतं. खरा ख्रिस्त आपल्याला १८९१मध्ये भेटला, असं त्याच पुढे सांगत. पण विधवांना आसरा द्यायचा, हे कळलेलं होतं, ते त्यांनी केलं. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात येऊन उपाशी मुलीबायकांना घेऊन गेल्या. आपला भंडारा तेव्हा त्याच प्रांतात होता. आणि समजून घेण्याचा हट्ट? तोही नाही सोडला. हिब्रू, ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२मध्ये जाईपर्यंत त्याच कामात होत्या.

तुला जे जड जातंय, त्या डोंगरावरच्या प्रवचनानंच तर कवी ना. वा. टिळकांना धरून ठेवलं. १८९३मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका युरोपियन प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. तो रेल्वेमार्ग आपल्या मोहाडी तालुक्यातल्या वरठीवरूनच जातो गं! मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांनी ते भारावले, तरी बाप्तिस्म्याला १८९५ उजाडलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर १९००मध्ये घेतला. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या मागोमाग गेल्या नाहीत, स्वतःला पटेपर्यंत थांबल्या. तेव्हा वेळ लागतोय म्हणून स्वतःला अविश्वासू म्हणवून घेऊ नकोस.

आता क्षमेचं बघू. मत्तयाचा अठरावा अध्याय पूर्ण वाच. सातांच्या सत्तर वेळा क्षमा करायची, हे सगळ्यांना पाठ. त्याच्या आधीचं कुणी सांगत नाही. तिथं येशू रीत सांगतो: ज्यानं अपराध केला त्याच्याकडे आधी एकटी जा, चूक त्याला तोंडावर सांग. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने. तरीही नाही, तर मंडळीला सांग. यात तोंड शिवून बसायला कुठं सांगितलंय? धुरा कुणाचा, पाणी कधी कुणाचं, हे खणखणीत बोल. मोजणी आणावी लागली तर आण. फक्त तिचं वाईट व्हावं म्हणून वाट बघत बसणं सोड. खरी कसोटी तिथंच आहे.

आणि हो, कुणी मार खाणाऱ्या बाईला ‘दुसरा गाल पुढे कर’ सांगत असेल, तर त्याचं मुळीच ऐकायचं नाही. तिनं आधी सुरक्षित जागी जायचं, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लावायचा. क्षमेचा विचार मग, तिच्या सवडीनं.

तू आज एवढंच कर. रात्रीच्या प्रार्थनेत जावेचं नाव घे, दातओठ खात घेतलंस तरी चालेल. उद्या तिच्या दारात जा. ‘पटत नाही, पटत नाही’ म्हणत गेलीस तरी जा. येशूच्या दृष्टांतात द्राक्षमळ्यात ‘जात नाही’ म्हणून नंतर गेलेलाच मुलगा बापाच्या मनासारखं वागला होता. बाकीचे प्रश्न वहीत लिहून ठेव आणि बायकांच्या प्रार्थनासभेला घेऊन ये. पाळकसाहेबांना आपण दोघी मिळून विचारू, ते कंटाळले तरी विचारू.