सिंगापूर : आखून दिलेला शेजार

आपल्याकडे सिंगापूरचे नाव बहुधा हेव्याने घेतले जाते. एखाद्या शहराचा विकास करायचे ठरले की "आम्ही याचे सिंगापूर करू" हे आश्वासन ठरलेले. स्वच्छ रस्ते, उंच इमारती, शिस्तीची रहदारी, एवढ्यावर ते वर्णन संपते. राज्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या नगरराष्ट्राविषयी कुतूहल वाटले ते वेगळ्या कारणाने. शेतजमीन नाही, खनिजे नाहीत, पिण्याचे पाणीसुद्धा पुरेसे नाही अशा एका लहानशा बेटावर चिनी, मलाय व भारतीय असे तीन मोठे समाज, चार अधिकृत भाषा आणि पाच-सहा धर्म नांदत आहेत. ही माणसे एकमेकांच्या शेजारी राहतात ती आपणहून, की राहावे लागते म्हणून? सिंगापूरची ओळख करून देताना या लेखात माझे लक्ष मुख्यतः या प्रश्नावर राहील.

सिंगापूर हे नाव मुळात संस्कृत आहे. 'सिंहपुर' याचेच ते रूप. सुमात्राहून आलेल्या एका राजपुत्राला या बेटावर सिंह दिसला, म्हणून हे नाव पडले अशी मलाय दंतकथा आहे. सिंह त्या भागात कधी नव्हतेच. वाघ मात्र होते, आणि एकोणिसाव्या शतकात मिरीच्या मळ्यांतील मजुरांचे त्यांनी पुष्कळ बळी घेतले. मलाया द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाशी, विषुववृत्ताच्या उत्तरेस जेमतेम १३७ किलोमीटरवर हे बेट आहे. १९६५ साली त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५८० चौरस किलोमीटर होते, आज ते ७३० हून अधिक आहे. वाढलेला भाग समुद्रात भराव घालून मिळवलेला. सात बेटे जोडून झालेल्या मुंबईची माहिती असणाऱ्याला याचे फारसे नवल वाटणार नाही. लोकसंख्या सुमारे ६१ लाख. त्यांपैकी नागरिक ३६ लाखांच्या आसपास, बाकीचे कायम रहिवासी किंवा कामाधंद्यासाठी आलेले परदेशी. नागरिक व कायम रहिवासी मिळून पाहिले तर २०२० च्या जनगणनेप्रमाणे चिनी ७४ टक्के, मलाय साडेतेरा टक्के, भारतीय ९ टक्के आणि उरलेले 'इतर'.

आधुनिक सिंगापूरचा आरंभ जानेवारी १८१९ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी स्टॅम्फर्ड रॅफल्स तेथे उतरला तेव्हापासून धरतात. त्याने बंदर करमुक्त ठेवले आणि चीन, सुमात्रा, अरबस्तान, तामिळ किनारा अशा सर्व दिशांनी माणसे येऊ लागली. पुढे १८६७ पर्यंत हा प्रदेश ब्रिटिश हिंदुस्थानच्या कारभारातच मोडत होता. आपल्याकडचे जन्मठेपेचे कैदी तेथे धाडले जात. तिथले जुने रस्ते आणि सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल त्यांच्या श्रमातून उभे राहिले आहे. माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो १८२२ चा नगर-आराखडा. रॅफल्सने चिन्यांना नदीच्या एका अंगाला, मलाय व अरबांना कांपोंग ग्लाममध्ये, तामिळ चुलियांना तिसरीकडे अशी जागा वाटून दिली. ज्याचा त्याचा मोहल्ला वेगळा. व्यापार एकत्र करावा, राहावे मात्र आपल्या माणसांत, हा वसाहतवाल्यांचा नेहमीचा हिशेब.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी जपान्यांनी सिंगापूर घेतले. इंग्रजांचा अजिंक्य समजला जाणारा किल्ला काही दिवसांत पडला, आणि त्याच शहरात २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंदच्या हंगामी सरकारची घोषणा केली. हा भाग आपल्याला परिचित आहे, म्हणून त्यावर थांबत नाही.

१९५९ साली अंतर्गत स्वराज्य मिळाले व पीपल्स ॲक्शन पार्टीचे ली क्वान यू पंतप्रधान झाले. एवढ्याशा बेटाला एकट्याने जगता येणार नाही असे त्यांचे ठाम मत होते. त्यामुळे सप्टेंबर १९६३ मध्ये सिंगापूर मलेशियात सामील झाले. पण मलेशियात मलाय बहुसंख्य, सिंगापुरात चिनी बहुसंख्य. खास हक्क कोणाला यावरून वाद पेटला. २१ जुलै १९६४ रोजी पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली, सप्टेंबरात पुन्हा उसळली. दोन्ही मिळून ३६ माणसे मेली. वर्षभरात, ९ ऑगस्ट १९६५ रोजी, सिंगापूर मलेशियातून वेगळे काढले गेले. दूरदर्शनवर ही बातमी सांगताना ली यांना रडू आवरेना. बहुतेक राष्ट्रे स्वातंत्र्यासाठी झगडतात. सिंगापूरला ते नको असताना पदरात पडले. पुढील सर्व धोरणांत जी एक धास्ती दिसते तिचे मूळ या दोन वर्षांत आहे.

आता घरांकडे वळतो. सिंगापूर समजून घ्यायचे तर संसदेपेक्षा आधी तिथल्या इमारती पाहाव्यात असे माझे मत झाले आहे. १९६० साली गृहनिर्माण व विकास मंडळ स्थापन झाले. तेव्हा हजारो कुटुंबे लाकूड-पत्र्याच्या झोपड्यांत राहत. २५ मे १९६१ रोजी बुकित हो स्वी येथील अशा वस्तीला आग लागून सुमारे १६,००० लोक उघड्यावर पडले. मंडळाने त्याच जागी झपाट्याने पक्क्या इमारती उभारल्या आणि लोकांचा विश्वास कमावला. १९६६ च्या भूसंपादन कायद्याने सरकारला स्वस्तात जमिनी घेता आल्या. १९६८ पासून भविष्य निर्वाह निधीतील पैसा घर घेण्यासाठी वापरू दिला. हा निधी लहान नाही : आजच्या नियमाप्रमाणे पंचावन्न वर्षांखालील कामगाराच्या पगारातून वीस टक्के व मालकाकडून सतरा टक्के त्यात जमा होतात. परिणाम असा की आज तिथले जवळजवळ ऐंशी टक्के रहिवासी सरकारने बांधलेल्या गाळ्यांत राहतात आणि त्यांतील बहुतेकजण भाडेकरू नसून गाळ्याचे मालक आहेत. मालकी ९९ वर्षांच्या पट्ट्याची असते, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

जुने मोहल्ले मोडून लोक नव्या इमारतींत गेले, तेव्हा आरंभी गाळेवाटपातूनच सरमिसळ झाली. पण गाळे विकण्याची मुभा मिळताच माणसे हळूहळू पुन्हा आपापल्या समाजाकडे सरकू लागली. म्हणून मार्च १९८९ पासून सरकारने प्रत्येक इमारतीसाठी व प्रत्येक वस्तीसाठी वंशवार कमाल प्रमाण ठरवून दिले. चिनी वस्तीत ८४ व इमारतीत ८७ टक्क्यांपर्यंत, मलाय २२ व २५ टक्क्यांपर्यंत, भारतीय आणि इतर (२०१० च्या वाढीनंतर) १२ व १५ टक्क्यांपर्यंत. मर्यादा भरली की त्या समाजाच्या माणसाला तिथला गाळा फक्त आपल्याच समाजाच्या विक्रेत्याकडून घेता येतो, म्हणजे प्रमाण बदलत नाही. नागरिकाच्या ओळखपत्रावर त्याचा वंश नोंदलेला असतो, त्यामुळे पळवाट नाही.

या नियमाकडे मला तटस्थपणे पाहता येत नाही, आणि त्याचे कारण सांगून टाकतो. तालुक्याच्या गावाहून शिकायला या शहरात आलो तेव्हा मी खोली शोधत हिंडत होतो. भाडे किती देणार हे कोणी आधी विचारले नाही. पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा "तुम्ही काय खाता?" असा. तीन ठिकाणी या दोन उत्तरांनंतर खोली अचानक 'आधीच दिलेली' निघाली. आपल्या राज्यघटनेत समतेचे कलम आहे, पण जिन्यावर ते कोण लागू करणार? म्हणून एखादे सरकार जिन्यापर्यंत पोहोचते हे वाचून मला प्रथम बरेच वाटले.

परंतु नियमाचा भार कोणावर पडतो हेही पाहिले पाहिजे. समजा एका इमारतीत चिन्यांची मर्यादा भरली आहे आणि तिथल्या भारतीय कुटुंबाला गाळा विकायचा आहे. चिनी गिऱ्हाइकाला तो विकता येत नाही. आणि बाजारात चारांपैकी तीन गिऱ्हाइके चिनी. साहजिकच गाळा पडून राहतो किंवा कमी किमतीत द्यावा लागतो. शेजारच्या चिनी मालकाला ही अडचण नाही. म्हणजे अल्पसंख्याकांना मिसळून घेण्यासाठी केलेल्या नियमाची किंमत बऱ्याचदा अल्पसंख्याकच मोजतात. सरकारने हे मान्य केले आहे आणि फारच अडलेल्या मालकांकडून गाळा परत विकत घेण्याची सोय २०२२ पासून केली आहे. नियम मात्र कायम आहे, कारण तो काढला तर वस्त्या पुन्हा वेगळ्या होतील असे सरकारला वाटते.

शेजार झाला म्हणून सलोखा झाला काय? याविषयी एक गोष्ट मला बोलकी वाटते. चीनमधून नव्याने आलेल्या एका कुटुंबाला शेजारच्या भारतीय घरातील रश्शाचा वास सहन होईना. तक्रार मध्यस्थांकडे गेली आणि शेजारी घरात नसतील तेव्हाच रस्सा करावा, अशी तडजोड झाली. २०११ साली वर्तमानपत्रातून ही हकीकत प्रसिद्ध होताच सिंगापूरकर खवळले. २१ ऑगस्ट २०११ हा दिवस मुद्दाम ठरवून चिनी, मलाय, भारतीय अशा हजारो घरांत त्या दिवशी रस्सा शिजवला गेला. सरकारच्या सांगण्यावरून नव्हे, लोकांनी आपणहून. दुसरी बाजू अशी की खाजगी भाड्याच्या घरांच्या जाहिरातींत 'भारतीय नकोत', 'चीनहून आलेले नकोत' असे सर्रास लिहिले जाते हेही २०१४ च्या सुमारास वृत्तपत्रांनी उघड केले. घरमालक कारण देत तेच : स्वयंपाकाचा वास! विकत घेण्याच्या गाळ्यांवर पहारा असला तरी भाड्याच्या खोलीत जुना प्रश्न शिल्लक होताच.

भाषेचे धोरणही असेच आखीव. मलाय, मँडरिन, तामिळ व इंग्रजी या चार अधिकृत भाषा. राष्ट्रभाषा मलाय, आणि राष्ट्रगीतही मलायच. शिक्षणाचे माध्यम मात्र इंग्रजी, कारण ती कोणाचीच नाही म्हणून कोणावर अन्याय नाही, आणि व्यापाराला उपयोगी. प्रत्येकाने आपली 'मातृभाषा' दुसरी भाषा म्हणून शिकायची. पण मातृभाषा ठरवणार कोण? बहुतेक चिनी घरांत होक्किएन, तेओच्यू, कँटोनीज अशा बोली चालत. १९७९ पासून 'मँडरिन बोला' मोहीम सुरू झाली आणि एका पिढीत आजीची बोली नातवाला समजेनाशी झाली. चिनी माध्यमाचे नानयांग विद्यापीठ १९८० साली दुसऱ्या विद्यापीठात विलीन झाले. २०२० च्या जनगणनेत घरात मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्यांचे प्रमाण ४८ टक्क्यांवर गेले आहे. भारतीयांसाठी तामिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी व उर्दू यांची सोय आहे. मराठी त्या यादीत नाही. तिथल्या मराठी घरातली मुले शाळेत बहुधा हिंदी घेतात आणि मराठी घरी किंवा मंडळाच्या वर्गात शिकतात.

समृद्धीविषयी थोडक्यात. १९६५ साली दरडोई उत्पन्न सुमारे पाचशे अमेरिकन डॉलर होते, २०२४ मध्ये ते नव्वद हजारांच्या घरात गेले. डच अर्थतज्ज्ञ अल्बर्ट विन्सेमियस यांचा सल्ला आणि अर्थमंत्री गोह केंग स्वी यांची चिकाटी यांतून जुराँगच्या दलदलीत औद्योगिक वसाहत उभी राहिली. आरंभी लोक तिला 'गोहचा वेडेपणा' म्हणत. १९७१ पर्यंत ब्रिटिश फौजा निघून गेल्या, तरी १९७२ सालीच तंजोंग पगार येथे कंटेनर बंदर सुरू झाले होते. २०२४ मध्ये या बंदरातून चार कोटींहून अधिक कंटेनरांची उलाढाल झाली. पाणी जोहोरमधून नळाने येते, त्याचा करार २०६१ पर्यंतचा आहे. म्हणून सांडपाणी शुद्ध करून वापरणे व समुद्राचे पाणी गोड करणे हे उद्योग तिथे जिद्दीने चालतात.

या सर्वांची राजकीय बाजू आपल्याला रुचेलच असे नाही. निवडणुका नियमित होतात, भ्रष्टाचार फार कमी. पण १९५९ पासून एकच पक्ष सत्तेवर आहे. २०२५ च्या निवडणुकीत त्याला ९७ पैकी ८७ जागा मिळाल्या. चौकशीविना स्थानबद्धतेचा कायदा आहे, वृत्तपत्रांवर १९७४ च्या कायद्याचा लगाम आहे. १९६३ च्या फेब्रुवारीत शंभराहून अधिक विरोधक व कामगार पुढारी एका रात्रीत पकडले गेले होते. दंगलीची भीती खरी होती हे मान्य करूनही, त्या भीतीच्या नावाखाली किती काळ किती गोष्टी चालवाव्यात, हा प्रश्न तिथले तरुणही आता विचारतात.

शिवाय हा आखलेला शेजार सर्वांसाठी नाही. गाळे बांधणारे मजूर मुख्यतः भारत व बांगलादेशातून येतात. त्यांना गाळा विकत घेता येत नाही, कुटुंब आणता येत नाही. ते शहराच्या कडेच्या मोठ्या वसतिगृहांत एकेका खोलीत बारा ते वीसजण राहत. ८ डिसेंबर २०१३ रोजी लिटल इंडिया भागात एका भारतीय कामगाराचा बसखाली मृत्यू झाला आणि दंगल उसळली. पन्नासांहून अधिकांना मायदेशी परत पाठवण्यात आले. एप्रिल २०२० मध्ये करोनाची साथ याच वसतिगृहांत पसरली. शहरात रोज मोजके रुग्ण आणि वसतिगृहांत शेकड्यांनी, असे आकडे सरकार वेगवेगळ्या रकान्यांत प्रसिद्ध करीत असे. त्यानंतर नव्या वसतिगृहांत एका खोलीत जास्तीत जास्त बाराजण, असा नियम झाला आहे.