बोआचे जेवण : केवढे आणि किती दिवसांनी?



जानेवारीतल्या एका रविवारी अकरावीतला एक छात्र घरचा फोन झाल्यावर थेट माझ्याकडे आला. "सर, साप ओकतो म्हणजे त्याला विषबाधा झाली असेल का?" पुण्याला त्याच्या घरी दोन वर्षांचा बोआ आहे. छात्र इथे वसतिगृहात, साप तिकडे. त्यामुळे त्याला खाऊ घालण्याचे काम वडिलांकडे आलेले. पंधरा दिवसांत सापाने दोनदा भक्ष्य बाहेर टाकले होते.

मी त्याला तीन आकडे विचारले. सापाचे वजन ९०० ग्रॅम. भक्ष्य १५० ग्रॅमचे. अंतर सात दिवसांचे. उत्तर या आकड्यांतच होते, पण ते समजण्यासाठी आधी हा प्राणी समजायला हवा.

बोआ कन्स्ट्रिक्टर हा मध्य व दक्षिण अमेरिकेतला बिनविषारी साप. आपल्याकडच्या मांडुळाशी त्याची गल्लत करू नका. मांडूळ हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असून तो घरी ठेवणे गुन्हा आहे. बोआ परदेशी असला, तरी त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. ज्या घरी नोंदणी झालेली नाही, तिथे जेवणाच्या वेळापत्रकाआधी ते काम करावे.

आता जेवण. आपले शरीर ऊब टिकवण्यासाठी रोज इंधन जाळते. सापाला ऊब बाहेरून मिळते, त्यामुळे त्याचा खर्च फार थोडा. बोआ तर सापांतही संथ. दोन जेवणांच्या मधल्या काळात त्याचे आतडे जवळजवळ विसावते आणि भक्ष्य पोटात गेल्यावर पुन्हा कामाला लागते. पचनाला आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो, तोही अंग पुरेसे उबदार असेल तर. पेटीची एक बाजू ३१ ते ३२ अंश सेल्सिअस आणि दुसरी २६च्या आसपास असावी. ऊब कमी पडली की पचन मंदावते, पोटातले भक्ष्य कुजू लागते आणि साप ते बाहेर टाकतो. पुण्यातल्या त्या घरी थंडीच्या दिवसांत रात्रीची वीज दोनदा गेली होती, हे पुढच्या फोनवर कळले.

भक्ष्याचा आकार ठरवताना सापाच्या तोंडाकडे पाहू नका. जबडा इतका ताणला जातो की तोंडात काय मावेल यावरून काहीच कळत नाही. धडाचा सर्वांत जाड भाग पाहा. भक्ष्याची रुंदी तेवढी किंवा थोडी कमी असावी. गिळल्यावर पोटावर हलका उंचवटा दिसला तर ठीक. तो दोन-तीन दिवस ठळक राहिला, तर पुढचे भक्ष्य लहान घ्या. वजनाचा हिशेबही सोबत ठेवावा: पिल्लाला त्याच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत, प्रौढाला ५ टक्के किंवा त्याहून कमी. मराठीत आपण सगळ्यांना उंदीरच म्हणतो, पण विकत घेताना 'माऊस' आणि 'रॅट' यांतला फरक सांभाळा. मोठा माऊस २५-३० ग्रॅमचा, तर मोठा रॅट त्याच्या दहापट.

१५० ग्रॅमच्या पिल्लाला १५ ग्रॅमचा माऊस १० ते १४ दिवसांनी पुरतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अंतर दोन ते तीन आठवडे. चार किलोच्या प्रौढ बोआला २०० ग्रॅमचा रॅट चार ते सहा आठवड्यांनी. पालकांना हे अंतर क्रूर वाटते. भेटीच्या रविवारी येणारे लाडवांचे डबे पाहिले, तर ते का वाटते हे मला कळते! पण बोआ समोर आलेले भक्ष्य बहुधा नाकारत नाही, म्हणून 'त्याने खाल्ले म्हणजे त्याला भूक होती' हा तर्क इथे चालत नाही. सततच्या अतिआहाराने यकृतात चरबी साठते आणि आयुष्य घटते. शेपटीच्या सुरुवातीला जाडी आली, वळताना अंगावर घड्या पडू लागल्या, तर अंतर वाढवा.

भक्ष्य गोठवलेले असावे. जिवंत रॅट सापाला चावून गंभीर जखमा करतो. ते फ्रिजमध्ये रात्रभर वितळू द्यावे, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवावे आणि लांब चिमट्याने द्यावे. त्यानंतर किमान दोन दिवस सापाला हात लावू नये.

आता आपल्या छात्राचा हिशेब. ९०० ग्रॅमच्या सापाला १५० ग्रॅमचे भक्ष्य म्हणजे वजनाच्या जवळजवळ १७ टक्के, तेही दर आठवड्याला. खरी चूक मात्र त्यानंतर झाली. भक्ष्य बाहेर पडल्यावर 'बिचारा उपाशी राहिला' म्हणून तिसऱ्याच दिवशी तेवढाच रॅट पुन्हा दिला गेला. ओकताना पोटातले आम्ल अन्ननलिका पोळते, पाचकरस आणि उपयुक्त जीवाणूही वाहून जातात. अशा पोटात नवे भक्ष्य टिकत नाही, आणि हे चक्र सुरू राहिले तर साप दगावतो. ओकल्यानंतर किमान १४ दिवस काहीही देऊ नये. फक्त स्वच्छ पाणी आणि पुरेशी ऊब. मग नेहमीच्या निम्मे भक्ष्य, पुन्हा दोन आठवडे थांबणे, आणि त्यानंतर हळूहळू वाढ. तरीही ओकला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे.

या सापाचे योग्य भक्ष्य सुमारे ६० ग्रॅमचे, म्हणून सुरुवात ३० ग्रॅमपासून ठरली. छात्राने वहीच्या पानावर तारीख, सापाचे वजन, भक्ष्याचे वजन, पेटीचे तापमान आणि शेरा असे रकाने आखले आणि फोटो घरी पाठवला. वडिलांनी ते पान फ्रिजच्या दारावर लावले. चौदा दिवस थांबणे त्यांना जड गेले, मध्ये दोनदा फोन आला, "अहो सर, तो माझ्याकडेच बघतोय." पंधराव्या दिवशी त्यांनी ३० ग्रॅमचा माऊस दिला. परवा पानाचा नवा फोटो आला. त्या तारखेपुढच्या शेऱ्यात लिहिले आहे : 'आठ दिवस झाले, पोटात टिकले.'