डी मेजर : जयघोषाची पट्टी आणि प्रार्थनेचीही



मिस्सेत गीत सुरू होते. पहिली ओळ सारे म्हणतात, पण धृपद वर चढले की बाकांवरचे आवाज एकेक करून थांबतात आणि गायकवृंद तेवढा गात राहतो. अशा वेळी पुष्कळदा दोष भाविकांचा नसतो, पट्टीचा असतो. म्हणून आज आपण एका पट्टीचा अभ्यास करू या : डी मेजर.

डी म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी दोन. तिला सा मानून सर्व शुद्ध स्वर वाजवले की डी मेजर तयार होते. त्यात काळे सूर दोनच येतात : काळी तीन आणि वरची काळी एक.

युरोपात ही पट्टी जयघोषाची मानली गेली. शुबार्ट या जर्मन लेखकाच्या १८०६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिला विजयाची आणि आलेलुयाची पट्टी म्हटले आहे. हॅण्डेल यांनी १७४१ साली रचलेल्या ‘मसीहा’मधील प्रसिद्ध हालेलुया याच पट्टीत आहे. याचे एक कारण वाद्यांत आहे. त्या काळच्या तुताऱ्यांना (ट्रम्पेटना) कळा नसत, त्यामुळे ठरावीक सूरच निघत, आणि डीमध्ये वाजणाऱ्या तुताऱ्या सर्रास वापरात होत्या. व्हायोलिनच्या चार तारांपैकी दोन डी आणि ए, म्हणजे या पट्टीचे सा आणि प. त्यामुळे वाद्य मोकळे घुमते.

मग ही पट्टी फक्त जल्लोषाची का? नाही. मोझार्ट यांनी जून १७९१ मध्ये ख्रिस्तशरीराच्या सणासाठी ‘आवे वेरुम कोर्पुस’ हे छोटे गीत रचले, तेही डी मेजरमध्येच. त्यात तुताऱ्या नाहीत, आवाज दबका ठेवायचा आहे, आणि सारे कसे शांत, नम्र. म्हणजे पट्टी भाव ठरवत नाही. शब्द, लय आणि वाद्ये मिळून तो ठरवतात. आजच्या कीबोर्डवर तर सर्व पट्ट्यांतली स्वरांतरे सारखीच असतात.

मग पट्टी कशावरून निवडावी? गाणाऱ्यांच्या गळ्यावरून. सर्वसाधारण भाविकांना वरची पांढरी दोन ही साधारण मर्यादा असते. पुरुष एक सप्तक खाली गातात, पण त्यांचीही मर्यादा त्याच सुराजवळ येते. यावरून तीन गोष्टी लक्षात ठेवू या :

१. चाल सा पासून वरच्या सा पर्यंत असेल, तर डी मेजर योग्य. पहाटेच्या मिस्सेला गळे मोकळे झालेले नसतात, तेव्हा पांढरी एक घ्यावी.

२. चाल वरच्या ग पर्यंत जात असेल, तर डी मेजर भाविकांना जड जाते. सा खालच्या काळी पाचवर आणला की तो ग पांढरी दोनवर येतो.

३. चाल खालच्या प पासून मधल्या प पर्यंतच असेल, तर डीमध्ये ती आरामात म्हणता येते. सणाच्या दिवशी उठाव हवा असेल, तर पांढरी पाचपर्यंतही चढवता येईल.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात भाविकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला आणि लोकांचे गायन जोपासावे असे सांगितले. गायकवृंदाने नेतृत्व करायचे ते सर्वांना सोबत घेऊन. म्हणून पट्टी लावताना आपल्यातील सर्वांत चढ्या गळ्याचा नव्हे, तर मागच्या बाकावर बसलेल्या आजी-आजोबांचा विचार करू या.