गाडीतून दहा किलो काढताना

गाडीचं वजन कमी करण्यासाठी शिशाची बॅटरी काढून लिथियमची हलकी बॅटरी बसवायची, हा विचार मनात आला की बहुतेकांचं लक्ष वजनकाट्यावर जातं. माझ्या मते आधी दुसरा हिशेब मांडायला हवा: जे दहा किलो गाडीतून जाणार आहेत, ते कशाचे आहेत? याचं सर्वात प्रामाणिक उत्तर पोर्शेनं दिलं होतं. जानेवारी २०१० पासून ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्सस्टर स्पायडर या गाड्यांसाठी कंपनीनं लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ऐच्छिक म्हणून विकायला काढली. वजन सहा किलोच्या आत, म्हणजे नेहमीच्या बॅटरीपेक्षा दहा किलोंहून जास्त बचत. जर्मनीतली किंमत करासह १,९०४ युरो. पण तिची क्षमता होती १८ अँपिअर-तास आणि जिच्या जागी ती बसायची तिची ६०. शिवाय पोर्शे गाडीबरोबर नेहमीची शिशाची बॅटरीही देत असे, कारण शून्य अंशाखालच्या थंडीत हलक्या बॅटरीची इंजिन सुरू करण्याची ताकद मर्यादित होती. ज्यांनी ही गाडी स्वतः बनवली, त्यांनाही जुनी बॅटरी ग्राहकाच्या हाती ठेवावीशी वाटली, ही गोष्ट मला त्या बचतीपेक्षा महत्त्वाची वाटते.

१८ आणि ६० या आकड्यांतच सगळं आहे. एक किलो शिशाच्या बॅटरीत साधारण ३० ते ४० वॉट-तास ऊर्जा मावते, आयर्न फॉस्फेटच्या तयार बॅटरीत ९० ते १२०. म्हणजे तेवढीच क्षमता ठेवून बॅटरी बदलली तर वजन निम्म्याहून खाली येईल, पण किंमत भरमसाट होईल. म्हणून गाडीसाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच हलक्या बॅटऱ्यांत वजन दोन वाटांनी घटवलेलं असतं: थोडं रसायनामुळे आणि बरंचसं साठा कमी करून. यावर नेहमीचा आक्षेप असा, की लिथियमची बॅटरी जवळजवळ तळापर्यंत वापरता येते, शिशाची तशी वापरली तर लवकर मरते, तेव्हा नुसते आकडे शेजारी ठेवणं बरोबर नाही. आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याच्याच आधारावर ‘शिशाच्या इतक्या अँपिअर-तासांच्या बरोबरीची’ असे वाढवलेले आकडे खोक्यावर छापले जातात. पण हिशेब शेवटपर्यंत करून पाहू. शिशाच्या ६० पैकी निम्मेच वापरायचे म्हटलं तरी ३० उरतात, आणि लिथियमच्या १८ पैकी ८५ टक्के वापरले तरी १५. बंद गाडीही घड्याळ, लॉक, अलार्म यांसाठी थोडा करंट खात असते. तो ५० मिलिअँपिअर धरला तर रोज १.२ अँपिअर-तास जातात. एक बॅटरी २५ दिवस तग धरेल, दुसरी १२. पार्किंगमध्ये चालू राहणारा डॅशकॅम पाव अँपिअर घेत असेल तर त्याचेच रोज सहा होतात, आणि मग हलकी बॅटरी दोन दिवसांत रिकामी. शनिवार-रविवारीच सोसायटीच्या आवाराबाहेर पडणारी गाडी, किंवा मालक बोटीवर असल्यानं महिनोन्‌महिने गावच्या घरी उभी राहणारी गाडी यांना हा फरक पुरेपूर भोवतो.

आता मिळतं काय ते पाहू. साधारण ९५० किलोंच्या हॅचबॅकमध्ये दहा किलो म्हणजे एक टक्का. वजन दहा टक्क्यांनी घटलं तर इंधनाची कार्यक्षमता सहा ते आठ टक्के वाढते, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. त्या मापानं एका टक्क्याला सुमारे ०.७ टक्के मिळतात. लिटरला २० किलोमीटर देणारी गाडी वर्षाला १०,००० किलोमीटर चालली तर ५०० लिटर पेट्रोल लागतं आणि त्यातले साडेतीन लिटर वाचतात. लिटरला शंभर रुपये धरले तर वर्षाचे साडेतीनशे रुपये. तेही मूळ बॅटरी नव्या बॅटरीपेक्षा दहा किलोंनी जड असेल तेव्हाच. छोट्या पेट्रोल गाड्यांत ३५ अँपिअर-तासांची बॅटरी मुळातच नऊ-दहा किलोंची असते, तिच्यातून दहा किलो निघणार कुठून? ३७ लिटरची टाकी गच्च भरली की तिच्यात २७ किलो पेट्रोल असतं. ती अर्धीच भरत गेलं, तर बॅटरी बदलून वाचतात त्याहून जास्त किलो एक पैसा न घालवता कमी होतात. डिकीत विसरून राहिलेलं सामान त्याच्या वर. (स्टेपनी मात्र काढू नये. तेही वजन साठ्याचंच आहे.)

पैशांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती गाडीच्या विजेची. शिशाची बॅटरी इंजिन सुरू करण्यापलीकडे एक काम गुपचूप करत असते: अल्टरनेटरमधून येणारे चढउतार ती पोटात घेते. लिथियमच्या बॅटरीत सेलना जपणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. व्होल्टेज फार चढलं किंवा सेल फार तापले की ते बॅटरीला सरळ तोडून टाकतं. सेल वाचतात, पण त्या क्षणी अल्टरनेटर जोरात चार्ज करत असेल तर त्याचा करंट जायला जागा उरत नाही आणि सेकंदाच्या अंशभर व्होल्टेज उसळतं. हल्लीचे अल्टरनेटर ही उसळी साधारण ३५ व्होल्टपर्यंत दाबून ठेवतात, जुने ठेवतीलच असं नाही. त्यानंतर पॉवर स्टीअरिंगसारख्या एकदम मोठा करंट ओढणाऱ्या यंत्रणेला आधार द्यायला बॅटरी नसते, आणि हे घाटातल्या वळणावर घडू शकतं. काही हलक्या बॅटऱ्यांत तोडणारी यंत्रणाच नसते, सेलचा फक्त समतोल राखला जातो. त्यांचं दुखणं उलटं. पूर्ण चार्जला प्रत्येक सेल ३.६ ते ३.६५ व्होल्टचा, म्हणजे चार सेलना मिळून साडेचौदाच्या आसपास. रेग्युलेटर बिघडून १५ व्होल्ट जाऊ लागले तर शिशाची बॅटरी पाणी उडवते आणि आपल्याला कळतं. लिथियमचे सेल आतल्या आत खराब होतात.

स्टार्ट-स्टॉप असलेल्या नव्या गाड्यांत आणखी एक पेच आहे. त्यांच्या बॅटरीच्या टर्मिनलवरचा सेन्सर शिशाची बॅटरी गृहीत धरून हिशेब करतो. शांत अवस्थेत १२.७-१२.८ व्होल्ट म्हणजे शिशाची बॅटरी भरलेली, आणि आयर्न फॉस्फेटची जवळजवळ रिकामी. ती अर्धी असो की पाऊण, व्होल्टेज १३.२ च्या आसपासच रेंगाळतं. याच गुणामुळे सेल्फ शेवटपर्यंत जोरात फिरतो आणि विक्रेते त्याचंच कौतुक सांगतात. मला तो धोका वाटतो. शिशाची बॅटरी मरण्याआधी काही दिवस सेल्फ जड होतो, माणूस वेळेवर बॅटरीवाल्याकडे जातो. इथे ती सूचना मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग कंपन्या स्वतः लिथियम का वापरतात? ह्युंदाईनं २०१६ च्या आयोनिक हायब्रिडमधून शिशाची १२ व्होल्टची बॅटरी काढूनच टाकली, हे खरं आहे. पण तिथे चार्जिंगची सगळी व्यवस्था पहिल्यापासून त्या सेलभोवती आखलेली आहे. आपल्याकडे मारुतीनं २०१८ मध्ये सियाझ आणि अर्टिगाच्या पेट्रोल हायब्रिडमध्ये छोटी लिथियम बॅटरी दिली, तेव्हा शिशाचीही ठेवली. ज्या बॅटरीवर आधीच्या शिशाच्या बॅटरीचे सगळे नियम लादलेले आहेत, तिला या उदाहरणांचा आधार देता येत नाही. आगीची भीती मात्र बरेचदा चुकीच्या जागी धरली जाते. जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ७८७ विमानांच्या बॅटऱ्या पेटल्या आणि एअर इंडियाच्या विमानांसह जगभरची ड्रीमलायनर जमिनीवर थांबली, त्या बॅटऱ्या कोबाल्ट ऑक्साइडच्या होत्या. आयर्न फॉस्फेट त्यामानानं पुष्कळ शांत. तरीही त्या घटनेतली एक गोष्ट इथे लागू पडते: विमानं पुन्हा उडाली ती बॅटरीभोवती पोलादी पेटी आणि धूर बाहेर काढणारी नळी बसवून, म्हणजे वाचवलेलं वजन पुन्हा चढवून.

शर्यतीसाठी मी हरकत घेणार नाही. ट्रॅकवर ट्रेलरवरून येणारी, दर फेरीनंतर तपासली जाणारी आणि घरी चार्जरला लावली जाणारी गाडी साठ्यावर अवलंबून नसते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या नाकावरचे दहा किलो गेले तर वळणात शिरताना फायदाही होतो. अशा गाडीला किंवा हौसेच्या दुसऱ्या गाडीला ही बॅटरी बसवायचीच असेल, तर ‘बरोबरीचा’ आकडा बाजूला ठेवून खरे अँपिअर-तास विचारावेत, आणि सेलना चालणारं कमाल तापमान लेखी घ्यावं. बऱ्याच सेलची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते, आणि मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरच्या उन्हात, वाहतुकीत अडकलेल्या गाडीच्या बॉनेटखाली पारा त्याही वर जातो. बॅटरी डिकीत किंवा सीटखाली नेली तर उष्णता टळते, पण जाड तांब्याच्या केबलचं वजन आणि बॅटरीजवळचा फ्यूज हिशेबात धरावा. अल्टरनेटरचं व्होल्टेज इंजिन थंड असताना, तापल्यावर, हेडलाइट लावून आणि बंद ठेवून मीटरनं मोजून घ्यावं. ते १४.६ च्या वर जात असेल तर आधी रेग्युलेटर बघावा. छोटी बॅटरी मूळ खाचेत हलते, तेव्हा पट्टा नव्यानं बनवून घ्यावा. गॅरेजमधला जुना चार्जर लावू देऊ नये, आणि शिशाची बॅटरी ‘जिवंत’ करण्यासाठी जास्त व्होल्टेजचे ठोके देणारा तर मुळीच नाही. लडाखला जायचं असेल तर निघण्याआधी शिशाचीच बसवावी, कारण शून्याखाली चार्ज केलं की लिथियमचा धातू सेलमध्ये साचतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. वॉरंटी आणि विम्याबद्दल डीलर व विमा कंपनीचं उत्तर लेखी मिळवावं. जुनी बॅटरी भंगारात देऊन नवीच्या किमतीत सूट घेण्याचा मोह होईल, तरी ती ठेवून द्यावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी, नाहीतर पडून राहिल्यानं तिच्या पट्ट्यांवर सल्फेट चढतं आणि गरज पडेल तेव्हा तीही उपयोगाची राहत नाही.