झाडाची बोडी



मागच्या वर्षी आम्ही शाळेमागच्या बरडावर २४ रोपटी लावली होती. मे संपेपर्यंत त्यातली ३ उरली. पाणी घातलं नाही असं नाही. पाळी लावून हातपंपावरून बादल्या नेत होतो, रोज रोपट्यामागे ५ लिटर. पण मे महिन्यात आपल्या ब्रह्मपुरीचा पारा ४६ अंशांच्याही वर जातो. मुरूम तव्यासारखा तापतो आणि वरून ओतलेलं पाणी सायंकाळी दिसतही नाही. त्यातून हातपंपालाच पाणी कमी. रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "काहून गा, मानसाले प्याले पानी नाई, अन् तू झाडाले नेऊन राह्यला?" मला उत्तर सुचलं नाही. त्यांचं बरोबरच होतं.

मग गुरुजींनी आम्हाला एक गणित घातलं. आपल्याकडे वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. तर चार चौरस मीटरवर किती? ५२०० लिटर! त्याचा चौथा हिस्सा जरी मुरला तरी १३०० लिटर, म्हणजे १० लिटरच्या १३० बादल्या. एवढ्या बादल्या आम्ही एका रोपट्याला सबंध उन्हाळ्यात घातल्या नव्हत्या. पाऊस भरपूर पडला होता, पण तो बरडावरून नाल्यात आणि तिथून वैनगंगेत निघून गेला.

हे घरी सांगितलं तर आबाजी हसले. "धानाले बोडी लागते, तं झाडाले नाई लागत का?" बोडी आपण सर्वांनी पाहिली आहे. शेताच्या वरच्या अंगाला पाळ घालून पाऊस अडवायचा आणि धानाला गरज पडली की सोडायचा. आपल्या भागातले मोठे तलावही असेच, गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले.

म्हणून यंदा जूनमध्ये, पाऊस लागण्याआधी, आम्ही झाडांच्या १२ बोड्या केल्या. चंद्रकोरीच्या आकाराची गुडघाभर पाळ घालायची. पाळ उताराकडे, उघडं तोंड चढाकडे. हे उलटं झालं तर सगळी मेहनत वाया. आमची पहिली उलटीच झाली होती. वरून येणारं पाणी कोरीत थांबतं आणि खाली मुरतं. आणखी एक चूक झाली. दोन सीताफळं आम्ही कोरीच्या अगदी खोलगटात लावली. ऑगस्टच्या झडीत तिथे पाणी साचून मुळं कुजली. आपल्याकडच्या पावसात रोप पाळीच्या आतल्या कडेला, थोडं उंचावर लावावं.

दिवाळीनंतर धानाची मळणी झाली तेव्हा बुंध्याभोवती वीतभर तणीस पसरली. त्यामुळे ऊन जमिनीला लागत नाही आणि ओल टिकते. तणीस खोडाला मात्र टेकू द्यायची नाही, उधई चढते.

चार बोड्यांत मोहाची ताजी टोळी पेरली. ती ठेवून दिली तर लवकर निकामी होते, म्हणून पडली त्याच आठवड्यात पेरली. पिशवीतल्या रोपाचं सोटमूळ तळाशी गुंडाळतं. जागेवर पेरलेलं मूळ ओलीच्या मागे सरळ खाली जातं. आमचे मोह वर वीतभरच दिसतात. मुळं खाली किती गेलीत ते पाहायचा फार मोह होतो, पण उकरायची मनाई आहे.

नाजूक चार रोपांजवळ ५ लिटरचं एकेक मडकं गळ्यापर्यंत पुरलं आहे. मडकं नवं, कच्च्या अंगाचं, रंग न लावलेलं हवं. वर झाकण ठेवावं, नाहीतर डास होतात. माती कोरडी असली की मडक्यातून पाणी ओढून घेते, ओली झाली की झिरपणं मंदावतं. चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या पुस्तकात हीच युक्ती आहे.

आता शेळ्या. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात पाऊस आपल्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच, सुमारे ४०० मिलिमीटर. तिथे १९९० नंतर, पोपटराव पवार सरपंच असताना, लोकांनी उघड्या डोंगरावर समतल चर खोदले, झाडं लावली. पण त्याचबरोबर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीही केली. आमच्या बोड्यांना काट्यांचं कुंपण आहे, तरी एका करंजाचा शेंडा खाल्ला गेलाच. शेळी आमच्याच घरची होती, म्हणून मी गप्प बसलो.

आज १० रोपटी जिवंत आहेत. मार्च लागल्यापासून मडकी चौथ्या दिवशी भरावी लागतात. चारही मिळून २० लिटर, म्हणजे दिवसाला ५ लिटर. मागच्या वर्षी रोजचे १२० लिटर जात होते. बाकीच्या सहा रोपांना अजून तांब्याभरही पाणी घातलेलं नाही.

मे महिना अजून यायचा आहे. काकूंना हे गणित मी दाखवलं. त्या म्हणाल्या, "अर्ध्या बादलीचं का बोलू?" येत्या रविवारी मडकी भरायची पाळी माझी आहे.