आजाऱ्याचा समाचार : मंडळीतील परिचर्येचा एक अभ्यास

शास्त्रवाचन : मत्तय २५:३१-४६, लूक १०:२५-३७, याकोब १:२७



'समाचार' हा शब्द मराठीत मोठा चमत्कारिक आहे. कोणाचा 'खरपूस समाचार' घेतला म्हणजे त्या बिचाऱ्याची धडगत नसते. आणि आजाऱ्याच्या समाचारास निघालो म्हणजे आपल्या हाती मोसंब्यांची पिशवी असते. आपल्या पवित्र शास्त्रात मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात हाच शब्द योजला आहे. तेथील ग्रीक क्रियापद 'एपिस्केप्टोमाय' असे आहे. नुसते भेटून येणे एवढाच त्याचा अर्थ नाही. लक्षपूर्वक पाहणे, आणि जे दिसेल त्याची काळजी वाहणे, हे त्यात येते. विधवा व अनाथ यांच्याविषयी लिहिताना याकोबानेही हेच क्रियापद वापरले आहे. मंडळीच्या अध्यक्षासाठी असलेला 'एपिस्कोपॉस' हा शब्दही याच कुळातला. शब्दांच्या नात्यागोत्यावर सिद्धान्त उभारू नये, हे भाषांतर करणाऱ्याला अनुभवाने कळते. तरीही येथे एक प्रश्न आपणांपुढे उभा राहतोच. आपण आजाऱ्याकडे जातो, पण त्याला पाहतो काय?

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका वृद्ध विधवा बहिणीच्या घरी दर गुरुवारी प्रार्थनागट जमत असे. त्या गटात मीही होतो. मावशींना मधुमेह होता. गीत, वाचन, प्रार्थना आणि चहा असा आमचा क्रम ठरलेला. त्या पायांवर चादर घेऊन पलंगावर बसत. दोन महिने आम्ही त्यांच्या आरोग्यासाठी कळकळीने प्रार्थना केली. चादरीखालचा पाय मात्र कोणी पाहिला नाही. एका गुरुवारी मंडळीतील एक सेवानिवृत्त परिचारिका सोबत आल्या. गीतपुस्तक उघडण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, "मावशी, पाय दाखवा बघू." अंगठ्याजवळची जखम काळी पडली होती. पुढे पाऊल वाचले, अंगठा गेला. "दुखत नव्हतं, म्हणून बोलले नाही," असे मावशी म्हणाल्या. मधुमेहात पायाची संवेदनाच मंदावते. म्हणून न दुखणारी जखम अधिक घातक, हे आम्हा प्रार्थना करणाऱ्यांना ठाऊक नव्हते.

पण गोष्ट एवढ्यावर संपली नाही. ती परिचारिका जखमेची पट्टी बदलायला येऊ लागली, तेव्हा हळूहळू खरे कारण बाहेर आले. पायाची कातडी फुटलेली मावशींना दिसली होती. इस्पितळाचा खर्च मुलावर पडेल, या धास्तीने त्यांनी ती झाकली होती. आणि आपण आता कोणाच्या उपयोगाच्या नाही, हे ओझे त्याहून जड होते. पायाची जखम आणि मनाची जखम एकाच चादरीखाली होत्या. दोन्हींवरची चादर एकाच व्यक्तीने बाजूला केली.

हीच गोष्ट अमेरिकेतील लूथरन पाळक ग्रेंजर वेस्टबर्ग यांनी हेरली. १९७० च्या दशकात त्यांनी चर्चच्या इमारतींत अशी आरोग्यकेंद्रे चालविली, जेथे डॉक्टर, परिचारिका आणि पाळक एकत्र काम करीत. त्यांच्या ध्यानात आले की, डॉक्टरची भाषा आणि पाळकाची भाषा दोन्ही जाणणारी व्यक्ती म्हणजे परिचारिका. (दुभाष्याचे मोल मला वेगळे सांगायला नको!) १९८४ साली शिकागोजवळील पार्क रिज येथील लूथरन जनरल हॉस्पिटलच्या साहाय्याने त्यांनी सहा मंडळ्यांत सहा परिचारिका नेमल्या. तेथून 'पॅरिश नर्स' हे नाव रूढ झाले. १९९७ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने या कार्याला परिचर्येची एक विशेष शाखा म्हणून मान्यता दिली. पुढे इतर धर्मांच्या समाजांतही हे काम होऊ लागल्याने २००५ साली तेथे अधिक व्यापक नाव स्वीकारले गेले.

कल्पना मात्र जुनीच आहे. १८३६ मध्ये पाळक थियोडोर फ्लीडनर यांनी जर्मनीतील कायझरस्वर्थ येथे सेविकांना रुग्णसेवेचे शिक्षण देण्यास आरंभ केला. १८५१ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल तेथेच शिकल्या. या सेविकांसाठी योजलेला 'डायकोनिस' हा शब्द रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातील फिबीपर्यंत जाऊन पोहोचतो.

आता अशी परिचारिका काय करते? ती सहसा इंजेक्शन देत नाही, सलाईन लावत नाही, रोगाचे निदान करीत नाही. मंडळीत दुसरा दवाखाना उघडणे हा तिचा हेतूच नव्हे. ती रक्तदाब तपासते, डॉक्टरांची चिठ्ठी समजावून सांगते, योग्य रुग्णालयात पाठवते, प्रसंगी सोबत जाते, मंडळीतील स्वयंसेवकांना शिकवते. आणि रुग्णाची इच्छा असेल तर त्याच्याबरोबर प्रार्थना करते. क्षयरोगाचे उदाहरण घ्या. साध्या क्षयाचे औषधही साधारणपणे सहा महिने घ्यावे लागते. पण दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस चढते, आणि रुग्ण गोळ्या सोडतो. कोणी भाबडा भाऊ त्याला 'विश्वासाने बरे' झाल्याची साक्षही द्यायला लावतो. अशा वेळी उरलेले चार महिने दारावर थाप मारणारी एक बहीण असावी. लूकातील शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आणि दुसऱ्या दिवसाच्या खर्चाचीही सोय केली. त्याच्या दयेला औषधाचे वावडे नव्हते.

येथे मला एक कडू गोष्ट लिहिली पाहिजे. आपल्या मंडळ्यांत प्रार्थनाविनंतीच्या नावाखाली लोकांची दुखणी चव्हाट्यावर येतात. अमक्याला एचआयव्ही, तमकीचा गर्भ पडला, ह्याच्या मुलाला वेडाचे झटके : सारे सद्‌हेतूने, आणि सारे त्यांच्या परवानगीविना. मग माणसे आजार लपवतात. रुग्णाचे गुपित राखणे हा परिचारिकेच्या शिक्षणाचा भाग असतो. आम्हा उपदेशकांना तो शिकवावा लागेल. नाव न घेता केलेली विनंतीही देवाला कळते.

भारतात हे परके वाटण्याचे कारण नाही. १९६४ साली जर्मनीतील ट्यूबिंगन येथे वैद्यकीय मिशनकार्याचा विचार करण्यास जमलेल्यांनी आरोग्यदानाची सेवा केवळ रुग्णालयांची नसून संपूर्ण मंडळीची आहे, असे प्रतिपादन केले. १९७० पासून जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने खेड्यांतील अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. ती काही मंडळीतील परिचर्या नव्हती; पण शेजारीण शेजारणीला पाहू शकते, हे तेथे दिसून आले.

आपल्या बाकांवर परिचारिका बसलेल्या आहेत. इंदूर असो वा हैदराबाद, आपल्या मंडळ्यांत मिशन इस्पितळांत शिकलेल्या, आता निवृत्त झालेल्या भगिनी भेटतात. आपण त्यांना नाताळच्या जेवणाची जबाबदारी देतो! पुढील पंच कमिटीत त्यांना बोलवा, त्यांच्यासाठी एक खोली, एक रक्तदाबमापक आणि प्रवासखर्च मंजूर करा, आणि त्यांची परिचर्या परिषदेकडील नोंदणी चालू आहे की नाही तेही पाहा.

मावशींकडचा गुरुवार अजून चालू आहे. गीताचा आकडा सांगण्याआधी त्या आता स्वतःच चादर बाजूला करतात.