विमान सोडण्यापूर्वीची परीक्षा



घरातील जुना रेडिओ मीडियम वेव्हवर लावलेला असताना दारावरून एखादी जुनी मोटारसायकल गेली, तर गाण्याच्या मध्येच कर्र कर्र असा आवाज उमटतो, हे तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. तो आवाज इंजिनाच्या धडधडीचा नव्हे. इंजिनातील प्लगच्या टोकांमध्ये हजारो व्होल्ट दाबाची जी ठिणगी उडते, तिचा तो प्रताप होय. विजेची ठिणगी उडाली की तिच्यापासून रेडिओलहरी निघतात. हाइनरिख हर्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ च्या सुमारास कार्ल्सरूहे येथे ह्या लहरी प्रथम निर्माण केल्या, त्याही ठिणगीच्याच साहाय्याने. म्हणजे पेट्रोलचे प्रत्येक इंजिन हे एक लहानसे, बेशिस्त प्रक्षेपणकेंद्रच असते.

आता असे इंजिन रेडिओने चालविल्या जाणाऱ्या लहान विमानात बसविले तर काय होईल? अमेरिकेत पेट्रोलला 'गॅस' म्हणतात, म्हणून तेथे ह्या विमानांना गॅसची विमाने म्हणतात; आपल्या चुलीवरील गॅसशी त्यांचा काही संबंध नाही. तेथील मिशिगन राज्यात वॉल्टर व विल्यम गुड ह्या जुळ्या भावांनी १९३७ साली 'गफ' नावाचे आपले विमान रेडिओने उडवून दाखविले. ते आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. पुढे १९४७ साली रे आर्डेन ह्यांचा तापलेल्या तारेचा प्लग बाजारात आला आणि लहान इंजिनांतून ठिणगी जवळजवळ हद्दपार झाली. परंतु मोठ्या प्रतिकृतींना स्वस्त पेट्रोलच परवडते. म्हणून ठिणगी परत आली, आणि तिच्याबरोबर तिची कुरबुरही.

माझे शिक्षण कलाशाखेचे. ह्या विषयात मला ओढले ते माझ्या एका माजी विद्यार्थ्याने. पावसाळा सरल्यावर एका रविवारी तो आपले सहा-सात किलोंचे विमान घेऊन गावाबाहेरच्या सड्यावर आला, आणि शेपटी धरून बसण्याचे काम त्याने माझ्याकडे दिले. परीक्षा कशी घेतात ते मी तेथेच पाहिले.

प्रथम इंजिन बंद ठेवून परीक्षा घ्यावयाची. आजच्या २.४ गिगाहर्ट्झच्या ट्रान्समीटरवर शक्ती मुद्दाम क्षीण करण्याची सोय असते. पूर्वीच्या संचांत त्यासाठी एरियल मिटवून ठेवीत. शक्ती क्षीण केल्यावर संचाच्या पुस्तिकेत सांगितलेले अंतर, आमच्या वेळी तीस पावले, चालत जावयाचे आणि तेथून पंखांच्या व शेपटीच्या पट्ट्या हलवून पाहावयाच्या. विमान चारही दिशांना वळवून हेच पुन्हा करावयाचे, कारण रिसीव्हरची तार एखाद्या दिशेला धातूच्या आड जात असते. आमचे विमान ह्या परीक्षेत उत्तम उतरले.

खरी परीक्षा ह्यापुढची. इंजिन चालू करून, विमान मागून घट्ट धरून (पंख्याच्या पुढे किंवा त्याच्या फिरण्याच्या रेषेत कोणीही उभे राहू नये), तेच अंतर, त्याच हालचाली. इंजिन मंद असता एकदा, मध्यम असता एकदा, पूर्ण वेगात एकदा. पट्टी थरथरली, उशिरा हलली किंवा हुकूम नसता हलली, तर ठिणगीची कुरबुर रिसीव्हरपर्यंत पोचली असे समजावे. मंद वेगात काही दिसले नाही. वेग अर्ध्यावर जाताच शेपटीची पट्टी माझ्या डोळ्यांदेखत थरथरू लागली. मी हात वर करून खूण केली, त्याने इंजिन बंद केले.

"सर, काल बरें उडलें न्हय!" तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. मला त्याची दया आली. पण काल विमान जवळच घिरट्या घालीत होते, आणि दूर गेल्यावर जो हुकूम क्षीण होऊन पोचतो त्याची कसोटी काल लागलीच नव्हती. सड्याच्या पायथ्याशी वस्ती आहे, गुरे चरत असतात. सात किलोंची वस्तू आणि तिच्या तोंडाशी फिरणारा पंखा!

मग दोष शोधणे सुरू झाले. प्लगवरील धातूची टोपी घट्ट बसली आहे ना? ती सैल असली तर तिच्या फटीतून लहरी निसटतात. प्लग इंजिनवाल्याने सांगितलेल्याच जातीचा, रोधक असलेला आहे ना? ठिणगीचे यंत्र व त्याची बॅटरी रिसीव्हरपासून निदान फूटभर दूर आहेत ना? दोघांना एकच बॅटरी तर नाही? ठिणगीच्या तारा व सर्व्होच्या तारा एकाच जुडीत तर बांधल्या नाहीत? हे सर्व ठीक होते. शेवटी सापडली ती कार्ब्युरेटरपासून सर्व्होपर्यंत गेलेली एक पोलादी सळई. इंजिनाला चिकटलेली ती सळई आतील कुरबूर थेट रिसीव्हरच्या शेजारी आणून सोडीत होती. एरियलचेच काम म्हणा ना. शिवाय तिचा आकडा धातूच्या भुजेत खुळखुळत होता. धातूवर धातू घासला तरी जुन्या रेडिओसंचांना तेवढा त्रास पुरत असे.

त्या दिवशी विमान उडाले नाही. त्याने ते मुकाट्याने गाडीत ठेवले, आणि मी उगाच हवापाण्याच्या गोष्टी काढल्या.

पुढील रविवारी सळईच्या जागी नायलॉनची कांडी होती. इंजिन बंद असता परीक्षा झाली, मग मंद, मध्यम, पूर्ण. पूर्ण वेगात माझे हात बधिर झाले, पण पट्टी स्थिर होती. शेवटी त्याने विमान माझ्या हाती घट्ट असतानाच ट्रान्समीटर बंद केला. हुकूम तुटल्यास इंजिन आपोआप मंदावले पाहिजे, अशी योजना त्याने करून ठेवली होती. ते मंदावले. ट्रान्समीटर पुन्हा चालू करून, शक्ती पूर्ववत केली आहे हे त्याने दोनदा पाहिले, आणि मला शेपटी सोडावयास सांगितले.